आखाजीला उतरलेली पेटी

जळगावच्या एस.टी. स्टँडवर आखाजीच्या सकाळी चुडामण भारंबे बगलेत एक खरबूज मारून उभा होता. समोर असोद्याची गाडी लागलेली. आत माहेरवाशिणी, त्यांची पोरं, नवी कोरी मडकी असं सगळं कोंबून भरलेलं आणि कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून तयार. चुडामणनं एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच थांबला. कारण पलीकडे नुकत्याच येऊन थांबलेल्या धुळ्याच्या गाडीचा ड्रायव्हर बिडी पेटवत चारचौघांना सांगत होता, की पारोळ्याजवळ मोहरखेड्याच्या शिवारात काल सांजेला आभाळातून एक पांढरी छत्री उतरली, छत्रीखाली पेटी बांधलेली, आणि आज फौजदार येऊन ती पेटी फोडणार आहेत.

"फोडणार?" चुडामण जवळजवळ किंचाळला. "कशासाठी फोडणार?"

"कशासाठी म्हणजे? बॉम्ब आहे ना त्याच्यात. चिनी."

असोद्याची गाडी धुरळा उडवत निघून गेली. चुडामणचा पायरीवरचा पाय कधी खाली आला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

आता एका पेटीसाठी वेडापिसा होणारा हा माणूस कोण, ते सांगायला हवं. असोद्याच्या केळीवाल्या घरातला एकुलता मुलगा. बापाची इच्छा होती, पोरानं शिकून वकील व्हावं, म्हणजे बांधाची भांडणं घरच्या घरी मिटतील. पोरगा शिकला, पण भलतंच. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत जाऊन विश्वकिरणांच्या मागे लागला. तारे-नक्षत्रांच्याही पलीकडून अतिसूक्ष्म कण भयंकर वेगानं येतात आणि रात्रंदिवस आपल्या अंगाच्या आरपार जातात. ते कुठून येतात, त्यांना एवढा वेग कोण देतं, हे जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी चुडामण म्हैसूरकडच्या सोन्याच्या खाणीत, पृथ्वीच्या पोटात कोसभर खाली यंत्रं लावून बसला. गावात बातमी पसरली, की भारंब्यांचा पोरगा सोन्याच्या खाणीत लागला. बापाला दोन-तीन वर्षं बरा मान मिळाला. पुढे पोरगा हात हलवत परत आला, तेव्हा लोक म्हणाले, सोनं राहिलं खाणीत आणि हा आला घामेजून.

तो परत आला तो बापाला लकवा झाला म्हणून. जळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागला, सकाळ-संध्याकाळ असोद्याला जाऊन बापाला भरवू लागला, आणि संशोधन सुटलं. सुटलं म्हणजे हातातून, डोक्यातून नाही. मुंबईला पत्रांवर पत्रं लिहून त्यानं एक जुना मायक्रोस्कोप मिळवला, दुसऱ्यांनी पाहून टाकलेल्या पट्ट्या मागवून घेतल्या आणि कॉलेजच्या कोठीघरात बसून त्या पुन्हा तपासत राहिला. पोरं त्याला मागून 'उष्टे सर' म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि ते झोंबतही होतं.

बाप मागच्या वर्षी गेला. आणि यंदा पहिल्यांदाच मुंबईच्या साहेबांनी चुडामणसाठी स्वतःचा असा एक पट्ट्यांचा गठ्ठा मंजूर केला. हैदराबादहून सोडायच्या फुग्याला तो बांधून वर जाणार होता. पट्ट्या म्हणजे फोटोच्या फिल्मचाच प्रकार, फक्त थर जाडजूड, जिलेटिनचा. आभाळाच्या टोकाशी त्यातून विश्वकिरण गेला, की त्याची वाट थरात दडून बसते आणि अंधाऱ्या खोलीत धुतल्यावर काळ्या ठिपक्यांची रेघ होऊन दिसते. मात्र धुण्याआधी उजेड लागला तर सगळं काळं, आणि आच लागली तर आतल्या वाटा विरून जातात. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "भारंबे, हा एकच. यातून काही निघालं तर तुमचं काम पुढे चालेल. नाही तर आमच्याकडेही रांगेत माणसं आहेत."

चुडामण पट्ट्या स्वतःच्या हातानं बांधून हैदराबादला देऊन आला, पण उड्डाणाला थांबला नाही. बापाची पहिली आखाजी होती. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर घरी येतात. त्यांच्या नावानं नवी घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-अन्नाची आगारी टाकतात. पहिल्या वर्षीची घागर मुलानंच पुजायची. माय म्हणाली होती, "खरबूज तेवढं जळगावहून आण, बाकी मी करते." बस, एवढंच काम त्याच्याकडे होतं.

आदल्या संध्याकाळी प्राचार्यांच्या बंगल्यावर ट्रंककॉल आला. फुगा वर गेला, पण पेटी सोडवणारं घड्याळ चाललंच नाही, आणि वारा फुग्याला वायव्येकडे घेऊन गेला. चुडामण कॉलेजच्या गच्चीवर धावला. सूर्य बुडत होता आणि नैर्ऋत्येला, जिथे त्या वेळी कुठलाही तारा नसतो तिथे, एक ठिपका चमकत होता. बघता बघता तो लालसर झाला, खाली सरकला आणि विझला. फुगा फुटला होता. देशभरची जमीन सोडून त्याची पेटी त्याच्याच मुलखात उतरली होती.

म्हणून तो आखाजीच्या सकाळी धुळ्याच्या गाडीत चढला, खरबुजासकट. मायला निरोप द्यायला कुणी भेटलं नाही. त्यानं मनाशी हिशेब केला, पेटी ताब्यात घ्यायची, उलट्या पावली फिरायचं, दुपार टळायच्या आत असोद्याला. गाढवही असाच हिशेब करतं, असं तो पुढे स्वतःच म्हणायचा.

फाट्यावर उतरला तेव्हा ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. मोहरखेडे आत होतं, बोरी नदीच्या काठाला. एका बैलगाडीवाल्याला त्यानं विचारलं, तर तो म्हणाला, "आखाजीले बैल जुंपतस नही, भाऊ. पाय शेतस ना?" चुडामण पायी निघाला. चालताना त्याच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, कोणीतरी पेटीत पहार घालतो आणि दुपारचा लख्ख उजेड आत शिरतो.

गावाच्या कडेला एका मातीच्या घरापुढे सगळा गाव गोळा झाला होता. पोलीस पाटील उखर्डू आबा दारापुढे खाट टाकून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर खरोखरच पहार होती. खाटेखाली पांढऱ्या छत्रीचा ढीग.

"ती पेटी माझी आहे," चुडामण धापा टाकत म्हणाला. "उघडू नका. आबा, तुमच्या पाया पडतो, उघडू नका."

झालं. असं कोणी कधी सांगतं का? उखर्डू आबांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. पूर्वेकडे सरहद्दीवर गडबड चाललेली, रेडिओवर रोज हेरांपासून सावध राहायला सांगत होते. आणि इथे विजार घातलेला एक अनोळखी माणूस पेटीमागोमाग हजर.

"तू कोन? कोठेन उना?" आबांनी विचारलं. "त्यावर काय लिखेल शे, देखं का? चिनी अक्षरं शेतस."

"चिनी नाही आबा, तेलुगू आहे. हैदराबादहून सोडली ना. त्यात लिहिलंय, धोका नाही म्हणून."

"असाच लिखस ना चोर!" आबा म्हणाले, आणि गाव हसलं. चुडामणला हसू आलं नाही. त्याच्याकडे ना ओळखपत्र, ना कागद. होतं ते एक खरबूज. सकाळी पारोळ्याला माणूस धाडलाय, फौजदार धुळ्याच्या बंदोबस्तातून सुटले की येतील आणि त्यांच्यासमोर पेटी फुटेल, असं आबांनी जाहीर केलं. मग आत्ताच का नाही फोडली? त्याचं कारण दारात उभं होतं.

भिकुबाई. पस्तिशीची, उंच, कपाळ मोकळं. मागच्या पावसाळ्यात बोरीला पूर आला तेव्हा तिचा नवरा हिलाल दुसऱ्याची म्हैस वाचवायला पाण्यात उतरला आणि म्हैस आली, तो आला नाही. प्रेतसुद्धा सापडलं नाही. वर्षभर ती बाई नदीकडे पाहत होती. आणि पहिल्या आखाजीच्या आदल्या सांजेला तिच्याच शेतात, तिच्याच डोळ्यांदेखत, आभाळातून पांढरं वस्त्र उतरलं आणि खाली पेटी. तिनं ती उचलून घरात नेली, हळदकुंकू लावलं आणि हिलालच्या घागरीशेजारी पाटावर ठेवली. पितर जेवून जाईपर्यंत पेटीला कोणी हात लावायचा नाही, असं तिनं आबांना बजावलं होतं. आबा फौजदाराला भीत नसतील एवढे पितराला भीत होते.

चुडामणनं दारातून आत पाहिलं. पाट चुलीला लागून होता. चूल धडधडून पेटलेली. वर मोठं खापर पालथं घातलेलं, मांडे करायला. पेटीचं थर्माकोलचं कवच पडताना एका अंगानं फुटलं होतं, आणि नेमकं तेच अंग चुलीकडे. बाहेर नेली तर पहार, आत ठेवली तर विस्तव. पट्ट्यांमधल्या वाटा या घडीला विरत असतील, एकेक, आणि तो दारात उभा राहून पाहत होता.

"अक्का, ती पेटी जरा चुलीपासून लांब..." तो म्हणाला.

भिकुबाई त्याच्याकडे नाही, खरबुजाकडे पाहत होती. "हाई डांगर कोनासाठे?"

"माझ्या वडिलांच्या घागरीसाठी. असोद्याला."

"पहिली आखाजी?"

"हो."

"आनि तुमी आठे?"

त्याला लाज वाटली. आपण इथे कशाला, या ज्या प्रश्नाला तो सकाळपासून बगल देत आला होता, तो एका परक्या बाईनं तीन शब्दांत विचारला होता. ती त्याला आत घेऊन गेली, दार ओढून घेतलं आणि पेटीजवळ उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमी शिकेल दिखतस. माले खरं सांगा. हाई मना मालकनी धाडी का?"

चुलीचा जाळ तिच्या तोंडावर हलत होता. बाहेर आबांच्या पहारेचा दगडावर टण्ण असा आवाज येत होता. बसल्या बसल्या चाळा म्हणून ते ती आपटत होते. हो, हिलालनंच पाठवली म्हटलं, तर ही बाई पेटी जन्मभर सोडणार नाही. नाही म्हटलं, तर तिच्या दृष्टीनं पेटी कवडीमोलाची होणार आणि पाच मिनिटांत पहारेखाली जाणार. चुडामणच्या जिभेवर दोन्ही उत्तरं आली. खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. कोणतं खोटं, तेवढं ठरत नव्हतं.

"अक्का," तो शेवटी म्हणाला, "पेटी माणसांनी वर नेली, मीच बांधली होती. पण वर गेल्यावर तिच्यात जे शिरलंय ते खूप लांबून आलंय, सूर्याच्याही पलीकडून. ते कोण पाठवतं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी तेच शोधतोय. पंधरा वर्षं झाली, त्याच्यापायी बापाची घागरसुद्धा सोडून आलो."

भिकुबाईनं विचारलं, "तुमले बी माहीत नही?"

"नाही."

का कोण जाणे, या उत्तरानं तिचा चेहरा सैल झाला. 'होय' सांगणारे तिला रात्रीपासून पुष्कळ भेटले होते. सगळा गाव होयच म्हणत होता. तिनं डोळे पुसले आणि एकदम घरधनिणीच्या आवाजात बोलायला लागली. वना नावाचा तिच्या नवऱ्याचा जिवलग होता, नदीच्या पात्रात खरबुजं लावायचा. आज हिलालचं पितर म्हणून तोच जेवायला बसणार होता, घागरीवरचं खरबूजही तोच आणणार होता. पण पेटी घरात आहे म्हटल्यावर त्यानं घराकडे पाठ फिरवली. पितराच्या पाटावर कोणी बसायला तयार नाही. आणि पितर जेवल्याशिवाय आगारी नाही, आगारीशिवाय घरात कोणाला घास नाही.

"तुमी बठा, भाऊ," ती म्हणाली. "आनि ते डांगर द्या."

चुडामणनं बापाचं खरबूज हिलालच्या घागरीवर ठेवलं. मग विजारीवरच शेजारी पितरासाठी मांडलेल्या दुसऱ्या पाटावर मांडी घातली. दार उघडलं गेलं आणि अख्खा गाव उंबऱ्यापाशी लोटला. उखर्डू आबा पहारेसकट आत डोकावले आणि अनोळखी हेराला पितराच्या पाटावर बसलेला पाहून त्यांचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

पितराला अर्धपोटी उठवत नाहीत. पानात मांडे पडले, आमरस पडला, कुरडया, भजी, रस्सा. चुडामणला वाटलं, भराभर खावं आणि उठावं. पण मांडा खापरावरून थेट पानात येत होता. त्यानं एक संपवला की भिकुबाई चुलीत काडी सारायची आणि पुढचा मांडा हातावर फिरवायला घ्यायची. म्हणजे तो जितकं जेवेल, तितकी चूल पेटत होती, आणि चुलीच्या आचेत त्याची पंधरा वर्षं भाजून निघत होती. त्यानं हात आखडता घेतला, तर बायका कुजबुजल्या.

"एवढामा काय व्हस?" भिकुबाई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "त्या तर आखो मांगेत."

चुडामणनं हिलालसारखा आणखी एक मागितला. दुसरं करणार काय? काडी सरली, जाळ वर आला. फुटक्या थर्माकोलची कड त्याच्या डोळ्यांदेखत पिवळी पडून आक्रसायला लागली. आता मात्र त्याला राहवेना. उठावं तर पितर पानावरून उठल्यासारखं होतं, सांगावं तर ऐकणार कोण? आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की या घरात या घडीला एकाच माणसाचा शब्द चालतो, आणि तो माणूस पाटावर बसलाय.

"मला तहान लागली," तो मोठ्यानं म्हणाला. "घागरीतलं पाणी हवं. आणि एक धडुतं."

उंबऱ्यावरची कुजबुज थांबली. घागरीतलं पाणी पितराचंच असतं. भिकुबाईनं खरबूज उतरवून तांब्या भरला आणि घरातलं हिलालचं उपरणं दिलं. चुडामण एक घोट प्यायला, उरलेलं पाणी उपरण्यावर ओतलं आणि पाटावरूनच हात लांबवून ते ओलं उपरणं पेटीभोवती गुंडाळलं. पुन्हा तांब्या मागितला, पुन्हा ओतला. आतल्या पट्ट्या मेणकापडात बंद होत्या. पाण्याची भीती नव्हती.

"पेटीले पानी पाजी राह्यना!" उंबऱ्यावरून कोणीतरी म्हणालं.

"चूप रे," उखर्डू आबांनी त्यालाच दटावलं. "पितर शे. त्याले जे करनं ते करू दे."

आबा टोपी काढून उभे होते.

आगारी झाली. निखाऱ्यावर तूप चरचरलं, भिकुबाईनं डोकं टेकलं आणि तोंडाला पदर लावून रडली, वर्षभराचं. मग तिनं रीतीप्रमाणे पितराला धोतरजोडी दिली, टोपी दिली आणि शेवटी दोन्ही हातांनी पेटी उचलून चुडामणच्या ओंजळीत ठेवली. पितराला दिलेलं घरात परत घेत नाहीत, आणि गावातला कोणी ते हिसकावूही शकत नाही. तिनं सगळ्यांदेखत दिली, मुद्दाम दिली, हे चुडामणला कळलं. त्याला काही बोलायचं होतं, पण तिनं हातानंच थांबवलं.

"समजनं म्हंजे माले सांगाले या," ती म्हणाली. "कोनी धाडी ते."

फाट्यापर्यंत उखर्डू आबा त्याच्यासोबत आले. पितर म्हणून की हेर म्हणून, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण ओलं उपरणं सुकलं की ते आपल्या चंबूतलं पाणी त्यावर शिंपडत होते, आणि फौजदारांची जीप आली तर काय सांगायचं ते पुटपुटत पाठ करत होते. जीप आली नाही. गाडी आली.

चुडामण असोद्याला पोचला तेव्हा दिवस मावळला होता. गल्लीतल्या पोरी अजून झोक्यावर होत्या, गाणी चालू होती. त्याच्या घराची चूल मात्र गार. माय ओट्यावर बसली होती. आत बापाची घागर भरलेली, तोंड उघडं, वर काही नाही.

"आलास?" माय म्हणाली. "बाप तुहा सकायपासून वाट पाहून राह्यला. रुपचंदकाका आले व्हते घागर पुजाले. मी नाही म्हटलं. डांगर कुठी आहे?"

त्यानं काही लपवलं नाही. पेटी मांडीवर धरून सगळं सांगितलं, खरबूज कुठे गेलं, तो कोणाच्या पाटावर बसला, किती मांडे खाल्ले. माय ऐकत राहिली. ती सकाळपासून अन्नाला शिवली नव्हती.

"म्हंजे तू दुसऱ्याचं पितर झाला," ती सावकाश म्हणाली, "अन् सोताच्या बापाले उपाशी ठेवलं."

तो खाली मान घालून बसला. माय उठली, त्याच्यासमोर आली.

"खोल ते. काय आहे ते मले पाह्यचं आहे."

दिवसभर त्यानं पेटी पहारेपासून वाचवली होती, चुलीपासून वाचवली होती. आता त्याची मायच ती 'उघड' म्हणत होती आणि तिला नाही म्हणण्याचा अधिकार आज त्याला उरला नव्हता. त्याची बोटं गाठीवर गेली. खरंच गेली.

"खोललं तर मरतं, माय," तो म्हणाला. "उजेड लागला की आतलं सगळं जातं."

"मंग ते जितं आहे हे तुले कसं समजते?"

"नाही समजत. मुंबईला धुतल्यावर समजेल. आत्ताच मेलेलं असेल तरी मला माहीत नाही."

माय त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. गाठ त्यानं सोडली नव्हती, आणि हात मागेही घेतला नव्हता. शेवटी तिनंच पेटी त्याच्या मांडीवरून उचलली, परसातली केळीची पानं आणून तिच्याभोवती लपेटली आणि आत नेऊन घागरीच्या तोंडावर ठेवली, खरबुजाच्या जागी.

"तुह्या बापाच्या घागरीपेक्षा गार जागा या घरात नाही," ती म्हणाली. "ऊठ. हात धू. आगारी टाक. त्याले भूक लागली."

चुडामणनं आगारी टाकली. तूप जळताना त्याला रडू आलं ते थांबेना, आणि मायनंही त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पेटीत घालून तो पट्ट्या मुंबईला घेऊन गेला. अंधाऱ्या खोलीत त्या धुतल्या जात असताना तो बाहेरच्या बाकावर बसून होता, आणि ते दिवस मोहरखेड्याच्या त्या दुपारहूनही वाईट गेले. चुलीकडच्या अंगाच्या पट्ट्या कोऱ्या निघाल्या. त्यांत जे होतं ते मांड्यांच्या जाळात गेलं. पण पलीकडच्या शाबूत होत्या. त्यांतल्या एकीत काजळासारखी एक ठसठशीत रेघ वरून तिरपी उतरत होती आणि मध्येच फुटून तिचा झाडू झाला होता. कुठल्या तरी दूरच्या ठिकाणाहून आलेला जड कण, हिलालच्या शेतात उतरायच्या काही तास आधी पट्टीत शिरून फुटलेला. साहेबांनी डोळा मायक्रोस्कोपवरून उचलला आणि पुढच्या उड्डाणाच्या यादीत चुडामणचं नाव घातलं. पोरांनी 'उष्टे सर' म्हणणं काही सोडलं नाही.

एकदा पितर म्हणून बसलेल्या माणसाला पुढेही बोलावणं येतं. चुडामणला दर आखाजीला यायला लागलं. सकाळी तो दोन खरबुजं घेऊन निघायचा, दुपारी मोहरखेड्याला हिलाल होऊन जेवायचा आणि सांजेला असोद्याला येऊन बापाची आगारी टाकायचा. माय तोवर थांबायची. कॉलेजातले सहकारी हसायचे, की हा विज्ञानाचा प्राध्यापक आणि हे याचे धंदे. तो म्हणायचा, "आमचा करार आहे."

आणि दर आखाजीला शेवटचा मांडा पानात टाकताना भिकुबाई विचारायची, "समजनं का भाऊ, कोनी धाडी?"

दरम्यान आणखी फुगे गेले होते, आणखी पट्ट्या आल्या होत्या, त्याचं नाव परदेशातल्या नियतकालिकांत छापून आलं होतं. तो खरं ते सांगायचा.

"अजून नाही, अक्का."

ती मान हलवायची, आणि तिच्या डोळ्यांत दरवेळी थोडासा आनंदच दिसायचा.

"मंग पुढली आखाजीले या."